शिष्यांतून उरलेला गुरू

ज्या माणसाविषयी हे पुस्तक आहे, त्याने लिहिलेली एक ओळही आज आपल्यापाशी नाही. त्याची शाळा कुठल्या भिंतींच्या आत भरत होती, ते सांगता येत नाही. तो कुठे वारला, या प्रश्नाला तीन ठिकाणची माणसे तीन उत्तरे देतात. तरीही इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे वेल्समध्ये आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, ख्रिस्ती मठांचा इतिहास मागे मागे नेत गेले, की बऱ्याच वाटा या एकाच माणसापाशी येऊन थांबतात. त्याचे नाव इल्टिड. पाचव्या शतकाची अखेर आणि सहाव्याचा पूर्वार्ध हा त्याचा काळ. वेल्सचा राष्ट्रीय संत म्हणून जगाला डेव्हिड माहीत आहे. १ मार्चला त्याचा सण होतो, शाळांतली मुले पिवळी डॅफोडिल लावून मिरवतात. इल्टिडच्या वाट्याला असा गाजावाजा आला नाही. त्याचा दिवस ६ नोव्हेंबर, आणि तो त्याच्या नावाच्या मोजक्या चर्चमध्येच पाळला जातो. माझ्या मते मात्र वेल्सच्या संतपरंपरेचे मूळ समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात इल्टिडपासूनच करावी लागते. तो शिक्षक होता, आणि ज्या काळात शिकवणेच थांबू पाहत होते त्या काळात त्याने ते थांबू दिले नाही. हे पुस्तक त्या एका गोष्टीसाठी लिहिले आहे.

आधी जागा पाहू. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कार्डिफपासून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, ग्लॅमॉर्गनच्या सुपीक सखल पट्ट्यात एक छोटे गाव आहे. वेल्श लोक त्याला लॅनिल्टिड व्हाऊर म्हणतात, नकाशावर इंग्रजीत लँटविट मेजर असे छापलेले असते. गाव समुद्रापासून थोडे आत, ओढ्याच्या खोलगट भागात वसले आहे. दूरवरून जहाजातून पाहणाऱ्याला ते सहज दिसू नये अशी ही जागा. ओढ्याच्या बाजूने खाली उतरत गेले, की चुनखडीच्या थरांचे उभे कडे आणि सेव्हर्नच्या मुखाचे गढूळ पाणी लागते. इथली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक आहे. सहाव्या शतकात हे पाणी म्हणजे हमरस्ता होता. आयर्लंड, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी इथून जमिनीपेक्षा पाण्याने जवळ होते. इल्टिडच्या शिष्यांची नावे पुढे ब्रिटनीच्या गावांना का मिळाली, याचे अर्धे उत्तर या भूगोलात आहे.

आता पुरावा. संतचरित्र लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. इल्टिडविषयी सर्वांत जुना आणि सर्वांत मोलाचा मजकूर त्याच्या स्वतःच्या चरित्रात सापडत नाही. तो त्याचा शिष्य सॅमसन याच्या लॅटिन चरित्रात आहे. हे चरित्र ब्रिटनीतल्या डॉल इथल्या मठातल्या एका भिक्षूने लिहिले. ते सातव्या शतकातले की आठव्या, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे, पण ब्रिटनीत लिहिल्या गेलेल्या संतचरित्रांत ते सर्वांत जुने आहे याबद्दल फारसे दुमत नाही. लेखक सांगतो, की इल्टिडच्या त्या भव्य मठात मी स्वतः जाऊन आलो. समुद्र ओलांडून, आपल्या संताच्या गुरूची जागा डोळ्यांनी पाहून, तिथल्या भिक्षूंच्या तोंडून कथा ऐकून तो परत गेला आणि मग लिहायला बसला. मला या अनाम भिक्षूविषयी फार आदर वाटतो. इल्टिडनंतर शे-दोनशे वर्षांत त्याच्या दारापर्यंत गेलेला दुसरा कोणताही लेखक आपल्याला ठाऊक नाही.

हा लेखक इल्टिडचे वर्णन करतो ते असे: सगळ्या ब्रिटन लोकांत जुना आणि नवा करार त्याच्याइतका कुणालाही ठाऊक नव्हता, आणि त्याशिवाय तत्त्वज्ञानाच्या सगळ्या शाखा, भूमिती, वक्तृत्वशास्त्र, व्याकरण आणि अंकगणित त्याला येत होते. भविष्य जाणण्याची शक्तीही त्याच्यापाशी होती, असेही तो जोडतो. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. धर्मग्रंथ सोडले तर बाकी सारे विषय रोमन शाळेचे आहेत. व्याकरणाच्या पंतोजीकडे लॅटिन आणि कवी शिकायचे, मग वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे जाऊन न्यायसभेत आणि दरबारात बोलायला शिकायचे, हा रोमन साम्राज्यातल्या सुखवस्तू घरच्या मुलाचा ठरलेला क्रम होता. प्रशंसेसाठी केलेली ही अतिशयोक्ती आहे, असे कुणी म्हणेल. असेलही. पण संताची प्रशंसा करताना उपास, जागरणे आणि चमत्कार यांच्या आधी त्याचे व्याकरण आणि अंकगणित पुढे करावे, असे त्या लेखकाला का वाटले? त्या मठात इल्टिडची आठवण विद्वान म्हणूनच टिकली होती, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

त्या आठवणीचे मोल कळायला ब्रिटनची तेव्हाची अवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. इसवी सन ४१० च्या सुमारास रोमची सत्ता या बेटावरून उठली. फौजा गेल्या, नाणी यायची थांबली, चाकावरची भांडी करणारे मोठे कारखाने बसले, शहरे ओस पडत गेली. पूर्वेकडून सॅक्सन टोळ्या येऊन स्थिरावत होत्या. लँटविटच्या जवळच, कारमीड या ठिकाणी, एका मोठ्या रोमन वाड्याचे अवशेष सापडले आहेत. १८८८ मध्ये तिथे पहिल्यांदा उत्खनन झाले. रंगीत दगडी तुकड्यांची नक्षीदार जमीन, स्नानगृहे, एखाद्या श्रीमंत जमीनदाराला शोभेल असा सारा पसारा. पुढे कधीतरी तो वाडा मोडला आणि त्याच्या पडक्या खोल्यांत लोक मृतांना पुरू लागले. इल्टिडच्या मठाचा या वाड्याशी थेट संबंध होता असे सिद्ध करता येत नाही. पण ज्या पट्ट्यात चार-पाच पिढ्यांपूर्वी लॅटिन बोलणारे जमीनदार राहत होते, त्याच पट्ट्यात लॅटिन शिकवणारा मठ उभा राहिला. त्याच परिसरात लॅनकारव्हन इथे संत कॅडोकचा मठ होता, कार्डिफजवळ लँडॉक इथे आणखी एक. तीन मोठे मठ एकमेकांपासून दिवसभराच्या चालीवर असावेत, हा योगायोग मला वाटत नाही. जिथे जुन्या शिक्षणाची ओल उरली होती तिथेच हे रोप धरले.

या शिक्षणाचा दुसरा साक्षीदार गिल्डस. सहाव्या शतकात लिहिलेला ‘ब्रिटनचा विनाश’ हा त्याचा लॅटिन ग्रंथ त्या काळातल्या ब्रिटनमधून आपल्या हाती आलेला जवळजवळ एकमेव मोठा आवाज आहे. गिल्डस चिडलेला आहे. तो आपल्या काळच्या पाच राजांना नावानिशी झोडपतो, पाद्र्यांनाही सोडत नाही. पण त्याचे लॅटिन पाहा. वाक्ये लांबलचक, विशेषण एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला, मध्ये उपवाक्यांची गुंफण; सगळा ग्रंथ वक्तृत्वशास्त्राच्या नियमांनी बांधलेल्या न्यायालयीन भाषणासारखा रचलेला. व्हर्जिल त्याला परिचित आहे, जेरोम परिचित आहे. असे लॅटिन कुणी एकट्याने बसून शिकत नाही. त्यामागे शिक्षक लागतो, आणि बालपणापासून लागतो. भिक्षूंच्या जगात जन्म काढलेल्या गिल्डसला न्यायसभेतले हे वक्तृत्व शिकवले कोणी? ब्रिटनीत लिहिलेले गिल्डसचे चरित्र उत्तर देते: इल्टिडने.

याच ग्रंथात एक जागा आहे, जिच्यापाशी मी पुनःपुन्हा येतो. उत्तर वेल्सचा बलाढ्य राजा माएल्गुन याला दटावताना गिल्डस म्हणतो, की तुला तर जवळजवळ साऱ्या ब्रिटनचा तो सुसंस्कृत गुरू लाभला होता, तरी तू असा निघालास. गुरूचे नाव तो घेत नाही. घ्यायची गरज त्याला भासली नाही. वाचणाऱ्याला कळणारच होते. तो गुरू इल्टिडच असावा, असे अनेक इतिहासकारांनी सुचवले आहे, आणि मलाही तसेच वाटते. हे पक्के सिद्ध होणारे नाही. तरी एवढे दिसते, की ज्याचे नाव न घेताही ओळख पटावी असा एक शिक्षक तेव्हा ब्रिटनमध्ये होता, आणि राजघराण्यातली मुलेही त्याच्यापाशी शिकत होती.

शाळेचे रोजचे जगणे कसे होते, याचे काही कवडसे सॅमसनच्या चरित्रात मिळतात. सॅमसनचे वडील आमोन डिव्हेड या वेल्श राज्यातल्या दरबारी घराण्यातले, आई आना ग्वेंट राज्यातल्या तशाच घराण्यातल्या. बरीच वर्षे मूल नव्हते. नवसासायासाने झालेला हा मुलगा पाचव्या वर्षी इल्टिडच्या स्वाधीन केला गेला. बापाचे मन तयार नव्हते. दरबारी माणसाचा थोरला मुलगा, तो पाद्री व्हायला का द्यायचा, असे त्याला वाटत होते, आईने रेटले. पाच वर्षांचे पोर गुरूच्या घरी सोडून येणाऱ्या आईबापांची ती घालमेल चरित्रकाराने झाकलेली नाही. मुले शिकत, स्तोत्रे पाठ करत, आणि शेतावरही जात. पिकाच्या कामात असताना एका मुलाला साप डसला आणि सॅमसनने तेल-पाणी लावून त्याला वाचवले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी चित्र स्पष्ट उरते: विद्यार्थी आणि भिक्षू एकाच शेतात राबत होते, एकाच ताटातले खात होते.

आणि त्याच मठात विषप्रयोगही झाला. इल्टिडचे दोन पुतणे मठात होते, एक पाद्री, दुसरा त्याच्या हाताखालचा. काकांनंतर मठ आपल्याकडे येणार, अशी त्यांची खात्री होती. सॅमसनची कीर्ती वाढू लागली तशी त्यांना धास्ती वाटू लागली. एकाने सॅमसनच्या पेयात विषारी वनस्पती मिसळली. आधी ते एका मांजराला पाजून पाहिले, मांजर मेले. सॅमसनने मात्र क्रूसाची खूण केली, प्याला रिकामा केला आणि त्याला काही झाले नाही. ही कथा मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती भक्तीसाठी रचावी अशी कथाच नाही. संताच्या स्वतःच्या मठात, त्याच्याच रक्ताच्या माणसांनी खून करायला उठावे, हे कोणता भक्त हौसेने सांगेल? वेल्सच्या जुन्या मठांत मठाधिपतीपद घराण्यात वारसाने चालत असे, जमीन आणि अधिकार दोन्ही कुटुंबाकडे राहत. पुढे कित्येक शतके वेल्श चर्चची घडण अशीच राहिली. तिचे अगदी आरंभीचे ताण या एका कथेत उघडे पडले आहेत. सॅमसनने गुरूकडे परवानगी मागितली आणि तो कॅल्डी बेटावरच्या अधिक एकांतातल्या मठात निघून गेला. इल्टिडने त्याला अडवले नाही.

इल्टिडच्या मृत्यूची हकिगतही याच चरित्रात आहे. अंत जवळ आल्यावर त्याने इसानस आणि आटोक्लियस या दोन मठाधिपतींना बोलावून घेतले आणि दोघांनाही त्यांचे भविष्य सांगितले. आपला आत्मा देवदूत सोनेरी गरुडाच्या रूपात नेताना इसानसला दिसेल, असे तो म्हणाला. आटोक्लियसचा आत्मा शिशाच्या पंखांनी जड झालेला असेल, कारण त्याचा जीव मालमत्तेत अडकला आहे. मरणाच्या दारात उभे राहूनही हा गुरू शिष्याची चूक शिष्याच्या तोंडावर सांगतो. सगळ्या चमत्कारकथांतून मला इल्टिडचा स्वभाव जर कुठे दिसत असेल, तर तो इथे.

याच चरित्रात म्हटले आहे, की गॉलचा बिशप जर्मेनस याने इल्टिडला पाद्रीपदाची दीक्षा दिली. जर्मेनस ४२९ मध्ये ब्रिटनला आला होता आणि पाचव्या शतकाच्या मध्याला वारला. सॅमसन तर सहाव्या शतकाच्या मध्यानंतर पॅरिसच्या धर्मसभेच्या ठरावाखाली सही करतो. एकाच माणसाने जर्मेनसकडून दीक्षा घ्यावी आणि सॅमसनला लहानपणी शिकवावे, हे अशक्य नाही, पण वर्षे फार ताणावी लागतात. बहुधा इल्टिडच्या मठाला आपली परंपरा थेट गॉलच्या त्या थोर बिशपापर्यंत नेऊन जोडायची होती.

इथून पुढे सहा शतकांची उडी मारावी लागते. इल्टिडचे स्वतंत्र चरित्र लिहिले गेले ते बाराव्या शतकात, ११४० च्या आसपास. यातला इल्टिड अगदी वेगळा आहे. तो ब्रिटनीतल्या बिकानस नावाच्या योद्ध्याचा मुलगा, आर्थर राजाचा मावसभाऊ. मुळात पाद्री होण्यासाठी शिकलेला, पण शस्त्रे हाती घेऊन आर्थरच्या दरबारी जातो, मग ग्लॅमॉर्गनच्या राजाकडे सरदारकी करतो. शिकारीला गेलेले त्याचे साथीदार कॅडोकच्या मठात दांडगाईने जेवण मागतात आणि धरणी त्यांना गिळते. ससाणा घेऊन दुसरीकडे गेलेला इल्टिड एकटा वाचतो, आणि सारे सोडून भिक्षू होतो. योद्ध्याचा संन्यासी होणे ही बाराव्या शतकातल्या युरोपला फार आवडणारी कथा होती. ही कथा वाचनीय आहे, गावोगाव तीच सांगतात. पण तिच्या तेजाने शाळामास्तर झाकला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच चरित्रात त्रिनिहिड आहे, इल्टिडची बायको. नवऱ्याचा निश्चय झाल्यावर दोघे नदीकाठी बोरूच्या झोपडीत रात्र काढतात. पहाटेच्या अंधारात तो तिला घोडे पाहून ये म्हणून बाहेर पाठवतो. ती थंडीवाऱ्यात जाऊन येते आणि तो तिला अंथरुणात परत घेत नाही. तिथेच संसार संपतो. काही वर्षांनी तिला नवऱ्याला डोळाभर पाहावेसे वाटते. ती मठात येते, तो शेतात मातीने माखलेला, उपासांनी वाळलेला. ती बोलायला जाते, तो उत्तर देत नाही, आणि तिची दृष्टी जाते. मग त्याच्याच प्रार्थनेने ती परत येते. चरित्रकाराला यातून संताचे वैराग्य दाखवायचे आहे. मला त्रिनिहिड दिसते. तिने काय केले होते? पुढे ती डोंगरात एक छोटे प्रार्थनाघर बांधते आणि विधवांना, गरिबांना आसरा देते, असे दोन ओळींत सांगून चरित्रकार तिला सोडून देतो. पुढच्या पानांत मी तिच्यासाठी थोडी अधिक जागा ठेवली आहे. या मजकुराला इतिहास म्हणता येत नाही, पण बाराव्या शतकातल्या भिक्षूंच्या मनात संतपण आणि बाई यांची गाठ कशी पडलेली होती, ते त्याने कळते, आणि ते झाकून संताची आरती ओवाळणे मला जमणार नाही.

कठोर कथांच्या शेजारीच काही फार सुंदर कथा याच चरित्रात आहेत. राजा मायर्खियॉन हरणाच्या मागे लागतो, हरीण इल्टिडच्या खोलीत आश्रय घेते, शिकारी कुत्री दाराशी थबकतात. ते हरीण पुढे माणसाळते आणि मठासाठी लाकडे ओढते. पुढे राजाच्या कारभाऱ्यांच्या जाचाला कंटाळून इल्टिड इव्हेनी नदीकाठच्या एका गुहेत वर्षभर लपून राहतो. कुणालाच पत्ता नाही. गिल्डसने घडवलेली एक घंटा घेऊन एक दूत डेव्हिडकडे निघालेला असतो. गुहेपुढून जाताना घंटा आपोआप गोड वाजते. इल्टिड बाहेर येऊन ती हातात घेतो, वाजवून पाहतो, परत देतो. डेव्हिडपाशी पोचल्यावर मात्र घंटा मुकी होते, आणि तिला इल्टिडकडेच जायचे आहे हे ओळखून डेव्हिड ती परत पाठवतो. पिकांवर तुटून पडणाऱ्या पाखरांना कळपासारखे हाकत आणून कोंडण्याची कथाही आहे. तिचा एक पाठ ८८४ मध्ये ब्रिटनीतल्या लांदेव्हेनेकच्या उर्मोनॉक या भिक्षूने लिहिलेल्या पॉल ऑरेलियनच्या चरित्रात येतो. तिथे पाखरांना वळवून आणणारा मुलगा म्हणजे इल्टिडपाशी शिकत असलेला पॉल. सॅमसन, गिल्डस, डेव्हिड हे त्याचे सोबती असल्याचेही उर्मोनॉक सांगतो. डेव्हिड खरोखर इल्टिडपाशी शिकला का, याची मला शंका आहे; डेव्हिडचे स्वतःचे चरित्र त्याचा गुरू म्हणून पॉलिनसचे नाव घेते. गुरूची कीर्ती वाढली तशी शिष्यांची यादीही वाढत गेली.

हे बाराव्या शतकातले चरित्र तेव्हाच का लिहिले गेले? अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झहॅमन याने ग्लॅमॉर्गन जिंकले, आणि लँटविटचे चर्च त्याच्या जमिनींसकट इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीच्या मठाकडे गेले. सहा शतके चालत आलेला घराणेबद्ध मठ मोडला. अशा वेळी जुन्या संताचे सामर्थ्य लिहून ठेवणे म्हणजे आपला हक्क लिहून ठेवणे होते. म्हणून या चरित्रात इंग्रज राजा एडगरच्या सैन्याने पळवलेली घंटा परत येते, मठाच्या जमिनीला हात लावणारे कारभारी मेणासारखे वितळतात, दलदलीत गडप होतात. भिक्षू आपली मालमत्ता चमत्कारांच्या कुंपणाआड ठेवत होते.

कागदांपलीकडे जे काही आज हाताला लागते, ते दगड आहेत. लँटविटच्या सेंट इल्टिड चर्चच्या पश्चिम टोकाला गॅलिली चॅपल म्हणून एक भाग आहे. तो कित्येक वर्षे छप्पर नसलेला पडून होता. २०१३ मध्ये त्याची डागडुजी पूर्ण झाली आणि मठाच्या काळातले कोरीव दगड तिथे मांडले गेले. नवव्या शतकातला चक्राकार माथ्याचा एक क्रूस हौएलने आपला बाप ऱ्हीस याच्या आत्म्यासाठी उभारला, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. आल्फ्रेड राजाचा चरित्रकार ॲसर ज्या ग्लॅमॉर्गनच्या राजाचा उल्लेख करतो, तोच हा हौएल असे मानतात. दुसऱ्या क्रूसावर सॅमसन नावाच्या कुणाची, आणि त्याच्यासोबत इल्टिडची अक्षरे आहेत. तिसरा खांब सॅमसन नावाच्या मठाधिपतीने स्वतःच्या आणि युथाहेल राजाच्या आत्म्यासाठी घडवला. हा सॅमसन इल्टिडचा शिष्य नव्हे, काही शतके नंतरचा. शिष्याचे नाव मठात पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जात होते. या दगडांवरून एवढे तर सिद्ध होते, की इल्टिडनंतर तीनशे वर्षांनीही इथे लॅटिन कोरता येणारी माणसे होती आणि राजे इथे आपली स्मारके उभारत होते.

तो तिसरा खांब जमिनीत गाडला गेला होता. तो बाहेर काढला अठराव्या शतकाच्या अखेरीस, योलो मॉर्गानुग या पाथरवट कवीने. गावात एक जुनी आठवण होती: एका धिप्पाड तरुणासाठी खोल थडगे खणताना हा दगड आत कोसळला आणि तिथेच राहिला. योलोने ती खरी मानली, खणले, आणि दगड सापडला. त्याच योलोने वेल्शमधली जुनी काव्ये, त्रिके (तीन-तीन गोष्टी एकत्र गुंफलेली वचने) आणि वंशावळी म्हणून स्वतःच रचलेला पुष्कळ मजकूर लोकांच्या गळी उतरवला. रोमन सम्राट थिओडोसियसने लँटविटला महाविद्यालय स्थापन केले, तिथे दोन हजारांवर विद्यार्थी होते, चारशे घरे होती, सात दालने होती, ही सगळी माहिती त्याच्या कागदांतून पसरली. इल्टिडने वेल्श शेतकऱ्यांना नांगरटीची नवी रीत शिकवली, हे त्रिकही त्याच्याच संग्रहातले. आजही पर्यटनाच्या पत्रकांत ब्रिटनचे सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून हे आकडे छापले जातात. या पुस्तकात मी ते घेतलेले नाहीत. योलोवर माझा राग नाही. ज्या भाषेला राजाश्रय नव्हता, विद्यापीठ नव्हते, तिला थोर भूतकाळ मिळवून देण्यासाठी त्याने आयुष्य वेचले. पण इल्टिडच्या शाळेला उसन्या मोठेपणाची गरज नाही. वीस-पंचवीस मुलांची शाळा असली, तरी तिथून सॅमसन आणि गिल्डस बाहेर पडले असतील तर तेवढे पुष्कळ आहे.

त्या मुलांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच आहे. सॅमसन कॅल्डीवर मठाधिपती झाला, आधीचा पायरो दारूच्या नशेत विहिरीत पडून मेला म्हणून. मग सेव्हर्नकाठच्या गुहेत राहिला, कॉर्नवॉलमार्गे समुद्र ओलांडून ब्रिटनीला गेला आणि डॉलला मठ काढला. पॉल ऑरेलियन ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला पोचला. तिथले सेंट-पॉल-दे-लेऑन हे गाव त्याच्या नावाने आहे. ब्रिटनी ज्या सात संतांना आपले संस्थापक मानते, त्यांत हे दोघे आहेत आणि आजही लोक त्यांच्या सात गावांची पायी यात्रा करतात. फिनिस्तेरच्या किनाऱ्यावर लानिल्दुत नावाचे गाव आहे, ते खुद्द इल्टिडचे. इकडे वेल्समध्ये ब्रेकनच्या डोंगरांत त्याच्या नावाचे पठार आहे, तिथल्या एका प्रागैतिहासिक दगडी टेपाला लोक त्याची कबर म्हणतात. जवळच्या लॅनहॅमलाख गावी नवाश्मयुगातल्या दफनगृहाला इल्टिडचे घर. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स त्या बाजूने गेला, तेव्हा त्याला तिथे इल्टिडच्या घोडीची एक कथाही ऐकायला मिळाली. कॅल्डीवरच्या जुन्या चर्चला त्याचेच नाव आहे, आणि तिथे ओघम लिपीत व लॅटिनमध्ये कोरलेला एक दगड ठेवलेला आहे. १९२९ पासून त्या बेटावर सिस्टर्शियन भिक्षू राहतात, म्हणजे तिथली प्रार्थना आजही चालू आहे.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने केलेली नाही. पहिले प्रकरण सॅमसनचे आहे, दुसरे गिल्डसचे, तिसरे पॉलचे, आणि बाराव्या शतकातला आर्थरचा मावसभाऊ असलेला इल्टिड अगदी शेवटी येतो. वाचकांना सुरुवातीला हे उलटे वाटेल. पण जो गुरू आपल्याला फक्त शिष्यांच्या डोळ्यांनीच दिसतो, त्याच्याकडे त्याच वाटेने जावे असे मला वाटले. चमत्कार जिथे आले तिथे ते जसे सांगितले गेले तसे सांगितले आहेत, आणि ते कोणी, कधी आणि कुठे बसून लिहिले हेही तिथल्या तिथे नोंदवले आहे. वेल्श नावे शक्य तितकी त्यांच्या उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत; नकाशा उघडून वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी गावांची इंग्रजी रूपे शेवटच्या सूचीत दिली आहेत. ज्यांना वेळ कमी असेल त्यांनी निदान विषाच्या प्याल्याचे आणि दोन मठाधिपतींचे प्रसंग वाचावेत. दोन्ही पहिल्या प्रकरणातच आहेत.